दमलेली जोडी

मास्तरांनी कुठल्याही शाळेत कधी खडू हातात धरला नव्हता. त्यांना मास्तर म्हणायचे ते गिटारवाले. कुणी बिघडलेला ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, घेऊन आला की मास्तर आधी त्या माणसाची खरडपट्टी काढायचे आणि मग ॲम्पकडे बघायचे. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या बोळातली एक लांबट खोली. एका भिंतीला टेबल, टेबलावर मीटर, कथलाच्या तारेचं रीळ, राळेची डबी आणि एक लाकडी काडी. चालू ॲम्पच्या पोटातल्या वस्तू त्या काडीने हळूच टोचून ते कुठली कुरकुरते हे बघायचे. काडी लाकडाचीच का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आत चारशे व्होल्ट आहेत. मला अजून जगायचंय. तुमचं तुम्ही बघा."

ते फक्त व्हॉल्व्हचे ॲम्प दुरुस्त करायचे. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. बटण दाबलं की लगेच काही होत नाही, तापायला दोन मिनिटं घेतात. गिटारचा आवाज त्यांच्यातून जाताना थोडासा फाटतो आणि ते फाटणंच कानाला गोड लागतं. मास्तरांनी तीस वर्षं त्या गोड फाटण्याची राखण केली. "आवाजात मजा येत नाही हो" अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मास्तर स्वतः दोन तारा छेडून बघायचे आणि नाचता येईना अंगण वाकडं असा प्रकार दिसला तर ॲम्प परत करायचे. "हा ठीक आहे. बोटं दुरुस्तीला ठेवून जा."

असा तिखट माणूस फक्त एका माणसापुढे नरमायचा. ती त्यांची एकुलती एक लेक, घरात चिमी.

चिमी सात वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की थेट दुकानात यायची. तिथे तिला एक काम होतं. मास्तरांचं अक्षर दुसऱ्या दिवशी मास्तरांनाही लागायचं नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या बुडाभोवती चिकटवायच्या कागदी पट्ट्या चिमी लिहायची. कोरा असेल तर 'नवा', वापरातला असेल तर 'चालू'. एकदा मास्तरांनी एका ॲम्पमधून दोन व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवले. तिने विचारलं, हे फुटले का? "फुटले नाहीत गं. दमलेत. पेटतात, पण आवाजाला अंग राहत नाही." तिने दोन पट्ट्या घेतल्या, दोन्हींवर 'दमलेला' असं लिहिलं आणि शेजारी एक गोल चेहरा काढला, आडव्या रेघेच्या तोंडाचा. मास्तर इतके हसले की बोळातले घड्याळवाले बघायला आले. पुढे दुकानात तोच शब्द रुळला. दमलेले व्हॉल्व्ह मास्तर टाकायचे नाहीत, एका पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवायचे. कधी तपासणीला लागतात, म्हणायचे. खरं तर त्यांना काहीच टाकवत नसे.

चिमी बारा वर्षांची झाली तेव्हा मास्तरांनी तिच्यासाठी एक ॲम्प बांधला. ट्रान्सफॉर्मरच्या तारा स्वतःच्या हाताने गुंडाळल्या, पेटी स्वतः कापली आणि शेवटी लावायला व्हॉल्व्हच्या आठ जोड्या तपासून त्यातली एक जुळती जोडी निवडली. घरात त्याचं नाव पडलं 'मोठा', कारण तो हलवायला दोन माणसं लागायची. मास्तरीणबाई घरी शिवणकाम करायच्या. त्यांची कापडं ठेवायची जागा मोठ्याने खाल्ली. "सवत आणायचीच होती," त्या म्हणाल्या, "तर निदान एकट्याला उचलता येईल अशी तरी आणायची." पण संध्याकाळी चिमी वाजवायला बसली की शिवणयंत्राचा पाय आपोआप थांबायचा. मोठ्याच्या आवाजाला छाती होती. पोरीच्या बोटांत जे काही होतं ते सगळं त्यातून बाहेर यायचं, चुकाही.

चोविसाव्या वर्षी चिमीला एका वाद्यवृंदात जागा मिळाली. गावोगाव फिरायचं, आज इथे तर उद्या तिथे, सगळं सामान एका बसच्या पोटात. मोठा रोज त्यात चढवणं-उतरवणं तिला एकटीला शक्य नव्हतं. मग एके दिवशी तिने एक डबी घरी आणली. पायाशी ठेवायची, जाडजूड पुस्तकाएवढी, वर चार बटणं आणि एक छोटा पडदा.

"यात शंभर ॲम्पचे आवाज आहेत, बाबा."

"शंभर? मला आयुष्यात वीस धड भेटले नाहीत."

"ऐका तरी. यात आपल्या ॲम्पचीही नक्कल घेता येते. आपण मोठ्यासमोर माइक लावायचा, ही डबी त्याच्यातून निरनिराळे आवाज सोडते, तो कसा उत्तर देतो ते ऐकून शिकते. मग मोठा घरीच राहणार आणि त्याचा आवाज माझ्याबरोबर येणार."

"फोटोतल्या शेकोटीवर हात शेकून बघितलेस कधी?"

"बाबा, मला पाठीवर चाळीस किलो घेऊन फिरता येत नाही हो."

मास्तर हाताशी आलेली वायर गुंडाळायला लागले. उत्तर नसलं की ते वायरी गुंडाळत बसायचे. शेवटी म्हणाले, "घे रविवारी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मास्तर नुसतेच हटवादी वाटतील. गिऱ्हाइकं कमी झाली होती हे खरं, डब्या आल्यापासून बोळात येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. पण त्याचं त्यांना एवढं नव्हतं. त्यांना भीती होती ती दुसरीच. मोठा घरी आहे म्हणून पोरगी घरी येईल, असं त्यांनी मनात धरलं होतं. व्हॉल्व्ह तपासून घ्यायला, स्पीकर बदलून घ्यायला, निदान त्याच्यावर तासभर वाजवायला तरी. आवाजच डबीत घालून दिला तर तिला बापाचं काय काम उरणार? हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

शनिवारी दुपारी मायलेकी प्रवासाची बॅग घ्यायला बाजारात गेल्या. मास्तर दुकानातून घरी आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह होते, पत्र्याच्या डब्यातले. मोठ्याची पाठ उघडीच असे. त्यांनी हात घालून चांगली जोडी काढली, कापसात गुंडाळून कपाटात ठेवली आणि तिच्या जागी दमलेली जोडी बसवली. बुडाभोवती काय चिकटलंय ते त्यांनी बघितलंही नाही. पट्ट्या कधी त्यांच्यासाठी नव्हत्याच. त्यांना नुसती काच उजेडाला धरली तरी पुरायचं. मग ॲम्प चालू करून त्यांनी दोन तारा छेडल्या. आवाज आला, पण पातळ आणि थोडा घोगरा, सर्दी झालेल्या माणसासारखा. मास्तरांचं समाधान झालं. असली नक्कल घेऊन पोरगी जाईल, दोन महिन्यांत कंटाळेल आणि म्हणेल, बाबा, डबी नको, मोठाच द्या. मग व्हॉल्व्ह तपासून घ्यायला येतच राहील. त्या दिवसाची तयारी म्हणून त्यांनी आतून फोम लावलेली चाकांची एक पेटीही दुकानात करून ठेवली होती. मोठा त्यात बेताचा बसायचा आणि एकटी पोरगी ढकलू शकायची.

रविवारी सकाळी चिमीने खिडक्या लावून घेतल्या, आईला शिवणयंत्र बंद ठेवायला सांगितलं आणि मोठ्यासमोर माइक उभा केला. वायर लावायला म्हणून ती मोबाईलचा उजेड घेऊन ॲम्पच्या मागे वाकली. वाकली ती बराच वेळ उठेचना. मास्तर दाराशी उभे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांनी दाराची कडी उगाच दोनदा लावली-काढली. अखेर ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "किती धूळ आहे मागे. कुणी पुसत नाही का?"

"पुसतो की," मास्तर म्हणाले.

तिने डबीच्या बटणावर बोट ठेवलं आणि तसंच धरून त्यांच्याकडे बघितलं. "बाबा, काही बदलायचं असेल तर आत्ता सांगा. एकदा घेतलं की घेतलं."

"नाही नाही. ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की गं. घे तू."

तिने बटण दाबलं. पाच मिनिटं मोठा शिट्ट्या वाजवत, गुरगुरत, फुसफुसत राहिला. मग तिने आधी खऱ्यावर वाजवून दाखवलं, मग डबीवर. काडीचाही फरक नव्हता. डबीने दमणं जसंच्या तसं उचललं होतं. मास्तर मनातून चरकले, पण वरवर म्हणाले, "जरा पातळ वाटतो, नाही?"

"जसा आहे तसा आलाय," चिमी म्हणाली आणि वायरी गुंडाळायला लागली. अगदी बापासारख्या.

गंमत बघा, मास्तरांना त्या दिवशी वाईट वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. आपल्या पोटची पोर, लहानपणापासून दुकानात वाढलेली, आणि तिचा कान इतका कच्चा?

ती गेल्यावर त्याच संध्याकाळी त्यांनी चांगली जोडी परत लावली, दमलेली रुमालात गुंडाळून परत दुकानातल्या डब्यात टाकली आणि वाट बघायला लागले. दोन महिने गेले, सहा गेले, वर्ष गेलं. फोन यायचा. "आवाज कसा आहे गं?" "चालतंय, बाबा." चाकांची पेटी दुकानात जागा अडवते म्हणून घरी आली आणि मास्तरीणबाईंनी तिच्यात जादाच्या उशा भरून ठेवल्या.

तिसऱ्या वर्षी वाद्यवृंद जवळच्या शहरात आला. दोघं नवरा-बायको बसने गेले आणि दहाव्या रांगेत बसले. रंगमंचावर चिमी डावीकडे, पायाशी ती डबी. पहिला सूर निघाला आणि मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तीच जोडी. तोच घोगरेपणा, तीच गळालेली छाती. खरे व्हॉल्व्ह असते तर ते एव्हाना पार गेले असते, कुणीतरी उघडून बदललेही असते. डबीतले मात्र दमलेले ते दमलेलेच राहिले होते, ना मरत होते ना बरे होत होते. आणि पोरगी त्यांना सांभाळून वाजवत होती. जिथे आवाज उसळायला हवा तिथे त्याला बळ नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती तिथे हात आखडता घेत होती. दुसरा गिटारवाला मोकळेपणाने पुढे यायचा. ती त्याच्यामागे मन लावून नुसती साथ करायची.

कार्यक्रम संपल्यावर वाद्यवृंदाचा प्रमुख भेटला. बिचारा भला माणूस. "तुमच्या लेकीच्या हातात सफाई आहे, मास्तर," तो म्हणाला. "पण मागे मागे राहते. आवाजात पुढे येतच नाही. मी किती वेळा सांगितलं."

मास्तर आणि मास्तरीणबाई आत गेले. चिमी वायरी आवरत होती. सांगायचं वाक्य त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं.

"काही म्हणताय, बाबा?"

"नाही, म्हटलं... जेवलीस का?"

"बसमध्ये जेवते. निघायचंय आता." तिने वाकून आईला मिठी मारली आणि डबी काखेत मारून गेली. सांगायला तीन मिनिटं पुरली असती. मास्तरांनी ती तीन मिनिटं पुढे तीन वर्षं मोजली.

त्या तीन वर्षांत त्यांची जीभ बोथट झाली. आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलं तर निमूट ऐकून घ्यायचे, बोटं दुरुस्तीला ठेवा म्हणायचे नाहीत. घड्याळवाल्यांच्या ते लक्षात आलं. एक दिवस चहा पिताना त्यांनी खोदून विचारलं आणि मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या माणसाला सांगायची ती पहिलीच वेळ.

घड्याळवाल्यांनी कप खाली ठेवला. "घड्याळ मागे पडलं तर आम्ही काटा सरकवतो, मास्तर. उशीवर ठेवून रडत नाही. बोलवा पोरीला. चांगली जोडी लावा, परत नक्कल घेऊ दे. त्यात काय आहे?"

खरंच, त्यात काय होतं? मास्तरांनी त्याच दिवशी फोन केला. "ये एकदा. काम आहे. आणि ती डबी आण बरोबर."

"मी येणारच होते," चिमी म्हणाली. "या शनिवारी येते."

मास्तर कामाला लागले. मोठ्याची पाठ पुसली, प्रत्येक जोड तपासला, सैल वाटला तिथे कथलाचा नवा डाग दिला. चांगली जोडी काढून, पाय घासून परत बसवली. इतक्या वर्षांत ती फारशी वाजलीच नव्हती, त्यामुळे अजून टवटवीत होती. चाकांच्या पेटीतल्या उशा त्यांनी पलंगावर ओतल्या. मास्तरीणबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि ही त्या घरातली मोठी गोष्ट होती.

शनिवारी सकाळी चिमी आली तेव्हा मोठा तापून तयार होता. मास्तरांनी तिला बसूही दिलं नाही. धरून ठेवलेलं वाक्य परत घशात अडकेल या भीतीने दारातच म्हणाले, "चिमे, त्या रविवारी मी मोठ्यात दमलेली जोडी घातली होती. मुद्दाम. तुझी नक्कल मी बिघडवली."

चिमीने चपला काढल्या, एक एक करून, आणि भिंतीशी नीट लावल्या.

"माहितीये मला, बाबा."

"काय?"

"मागे वाकले ना वायर लावायला, तेव्हा उजेडात पट्टी दिसली. 'दमलेला'. माझंच अक्षर. शेजारी तो चेहरापण होता, रेघेच्या तोंडाचा."

मास्तरांना ती पट्टी आठवली. पट्टीच्या आधी ते हसणं आठवलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला विचारलं की मी. दोनदा. तुम्ही म्हणालात, ठीक आहे." ती पलंगावर उशांच्या ढिगाशेजारी बसली. "मला वाटलं, बाबा इतकी वर्षं माझं ऐकतायत. लोकांना तोंडावर सांगतात, मला सांगवत नसेल. माझ्या वाजवण्याला एवढंच पुरे, असं त्यांचं मत असेल. चांगली जोडी वाया कशाला घालवायची."

"अगं, डबीत दुसरे शंभर होते ना? त्यातला एखादा घ्यायचा."

"होते. पण बापाने हातात दिलेला टाकून दुसऱ्याचा वाजवायचा, हे नाही जमलं. तुमचीच मुलगी ना मी." ती जराशी हसली. मास्तरांना ते हसणं बघवलं नाही.

त्यांनी घाईघाईने कोपऱ्यातली तिची जुनी गिटार काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "हे बघ, चांगली जोडी लावलीये. आत्ता घेऊ परत. डबी काढ. कुठंय तुझी बॅग?"

"डबी नाही आणली, बाबा. आमच्याकडे एक नवी मुलगी आली गिटार वाजवायला. तिला दिली."

"दिली? मग तू कशावर वाजवतेस?"

चिमीने तारांवर बोटं ठेवली, दाबली आणि लगेच उचलली. डाव्या हाताची बोटं तिने त्यांच्यापुढे धरली. तारांनी घट्टे पडून टणक झालेली ती बोटं मास्तरांना पाठ होती. आता ती मऊ होती, लहान मुलाच्या बोटांसारखी.

"वर्ष झालं सोडून. तेव्हापासून कान तपासायचं काम शिकत होते. फोनवर सांगवेना. इथे गावातच कानाच्या दवाखान्यात नोकरी मिळालीये. लोकांना शिट्ट्या ऐकवायच्या आणि कुठली ऐकू येते ते लिहून घ्यायचं. सोमवारपासून. तेच सांगायला येणार होते."

बैल गेला नि झोपा केला, असं मास्तर आयुष्यभर गिऱ्हाइकांना सुनवत आले होते. मोठा तापून नुसता गुणगुणत होता. इतका शुद्ध, की शेजारच्या खोलीत मास्तरीणबाईंचं नाक ओढणंही त्यावरून ऐकू आलं. मास्तर उभे होते ते चाकांच्या पेटीवर बसले.

"तू परत यावीस म्हणून केलं गं मी," ते म्हणाले. "दोन महिन्यांत कंटाळशील, मोठा मागायला येशील. मग येत राहशील. एवढंच होतं माझ्या मनात. तुझ्या वाजवण्याचं काही नव्हतं. तुझ्यासारखं वाजवणारं माझ्या दुकानात कुणी आलं नाही."

हे शेवटचं वाक्य ते जन्मात पहिल्यांदा बोलले.

चिमीने गिटार पलंगावर ठेवली. "आलेच की मी परत," ती म्हणाली आणि उठून तिने मोठ्याचं बटण बंद केलं.